टाचण्या सावकाश काढायच्या

४ जून

ताई,

सिद्ध झालं.

दुसरं काही लिहायच्या आधी हेच लिहायचं होतं. आता खाली बस, पाणी पी आणि पुढचं वाच. तुझा सिद्धांत जिवंत आहे. लंगडत-बिंगडत नाही, चांगला ताठ उभा आहे. ज्याला सगळे इतकी वर्षं ‘ते चुकलेलं प्रकरण’ म्हणत आले, त्यात चूक होती ती एका वाक्याची. ते वाक्य कुठपर्यंत खरं आणि कुठून पुढे खोटं, याची नेमकी रेघ परवा माझ्या हातून ओढली गेली. विभागाच्या वाचनालयात, भर दुपारी, करकरणाऱ्या पंख्याखाली. रेघ ओढली आणि मी अशी काही किंचाळले की ग्रंथपालबाई धावत आल्या. त्यांना वाटलं माझ्या अंगावर पाल पडली.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हे माफीचं पत्र नाही. मी तेव्हा बरोबर होते आणि आजही आहे. बोलायचं नाही हा तुझा हट्ट, लिहायचं हा माझा.

पाकीट भावोजी फोडणार हे मला पक्कं माहीत आहे, कारण तू माझं अक्षर बघून ते टेबलावर तसंच टाकशील. तेव्हा भावोजी, हा भाग तुमच्यासाठी. तुम्ही दात कोरताना रबराचा पातळ तुकडा चौकटीवर ताणून बसवता ना? त्यावर पेनानं बारीक बारीक गोल काढा आणि मग ताणा. गोलांची अंडी होतील. काही थोडी लांबट, काही पार चपटी. आता रबराच्या काठावरचा प्रत्येक बिंदू कुठे जायचा हे आधीच ठरलेलं आहे, त्याला हात लावायचा नाही. आतलं रबर मात्र हवं तसं सरकवा. असं सरकवा की सगळ्यात चपटं झालेलं अंडंसुद्धा शक्य तितकं कमी चपटं राहील. सरासरी बघायची नाही. ज्याची सगळ्यात जास्त ओढाताण झाली, त्याची ओढाताण कमीत कमी करायची. ताईनं आणि मी आयुष्य घातलं ते एवढ्यावर. ताईचा सिद्धांत म्हणत होता की असं ताणायची सर्वोत्तम रीत एकच असते, दुसरी नसतेच.

भावोजी, तुमचा भाग संपला. पाकीट तिच्या हातात द्या.

ताई, सप्टेंबरात संमेलन आहे, त्याच सभागृहात. मला व्याख्यान मिळालंय. रीत सगळी तुझी आहे, मी फक्त हद्द आखली. म्हणून शोधनिबंधावर तुझं नाव पहिलं आणि माझं मागून, असं मी ठरवलंय. पण तुझ्या होकाराशिवाय तुझं नाव घालता येत नाही, तसा नियमच आहे. एकटीच्या नावावर मी हे वाचणार नाही म्हणजे नाही. विमा कंपनीत बसून लोकांच्या मरणाचे तक्ते तू खुशाल कर. गणिताला पुन्हा हात लावणार नाही म्हणालीस, तेही ऐकलंय मी. तरी विचारते. होय की नाही, तेवढं कळव.

सोबत सगळी पानं जोडली आहेत.

तुझी,
शेपूट

२१ जून

ताई,

भावोजींचा फोनवर निरोप आला. तसाच्या तसा उतरवते: “पत्र पोचलं. माझा भाग मला कळला, दवाखान्यात करूनही बघितलं, नर्स हसली. तुमची बहीण पानांकडे बघत नाही. पण मी ती पानं रद्दीत टाकायला निघालो तर माझ्यावर खेकसली.”

म्हणजे आशा आहे.

तुझ्या व्याख्यानाच्या त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. तू सभागृहातून थेट स्टेशनवर गेलीस, आणि मग निरोपही भावोजींकडूनच यायचे. तुझं म्हणणं त्यांनीच मला सांगितलं होतं: “घरात सांगितलं असतंस, चारचौघांत कशाला?” मग आज ऐक. घरात सांगायला मला ते घरात सुचलं कुठे होतं? तू फळ्यावर तुझा आकार काढत होतीस आणि त्याचा वरचा हात जरा लांब निघाला. तुझं लक्ष नव्हतं. मी बघत होते, आणि मला दिसलं की हा हात असाच वर जात राहिला, टोकच आलं नाही, तर त्याचं धुराडं होतं. या विषयातलं जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं धुराडं! ते काही मी शोधलेलं नाही. ते तुझ्या आकारांत शिरू शकतं, एवढंच मला दिसलं. आणि माझा हात वर गेला.

हात वर करायला शिकवलं कोणी? “शंका आली की तिथल्या तिथे विचारायची. उद्यावर ठेवलेली शंका नासते.” हे वाक्य मी चौथीत असल्यापासून ऐकतेय, तेही तुझ्याच तोंडून. मी तुझं ऐकलं, ताई. तुझं ऐकल्याची शिक्षा तू मला देतेस, हे मला अजून पटलेलं नाही.

आणि चूक झाली कशामुळे, तेही माझ्या लक्षात आलंय. आपल्या फळीमुळे. आठवतं? स्वयंपाकघरातली ती जुनी लाकडी फळी, तिच्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर, चारी कडांना टाचण्या. आपण जो काही आकार ताणून बघितला तो त्या फळीवर. आणि फळीला चार कडा होत्या. आपलं रबर नेहमी कुठेतरी संपायचंच. कडाच नसलेलं रबर आपण दोघींनी कधी पाहिलंच नाही, म्हणून तुला ते सुचलं नाही. चूक तुझ्या बुद्धीची नव्हती, फळीची होती.

आता त्या धुराड्याचं. ते रोज माझ्या डोक्यात येतं आणि मला रोज घर आठवतं. उभं, अरुंद, न संपणारं धुराडं. काठ दुप्पट ताणला की आतलं सगळं दुप्पट ताणावंच लागतं, तिथे सुटका नाही. पण खाली जे ऐसपैस अंगण आहे, तिथे कमी ताण दिला काय आणि कसाही फिरवला काय, चालून जातं. सगळ्यात वाईट काय ते वर धुराड्यातच ठरून गेलेलं असतं. म्हणून रीत एकच राहत नाही, अंगणात मोकळीक मिळते. आई अंथरुणावर, बाबा सदा फिरतीवर, आणि घर तुझ्या गळ्यात. मी फळीवर रबर ताणत खेळत होते, ती मोकळीक माझी होती. तुझ्या वाट्याला धुराडं आलं म्हणून माझ्या वाट्याला अंगण आलं. हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं.

असो. होय की नाही?

शेपूट

१० जुलै

ताई!

जाडजूड पाकीट आलं. वर भावोजींचं अक्षर, आत माझीच पानं. पत्र नाही, चिठ्ठी नाही, ‘कशी आहेस’ नाही. मला आधी वाटलं, परत केलीस. मग दाराशी उभ्या उभ्याच पानं उलटली. अकराव्या पानाच्या समासात पेन्सिलनं काढलेला एक छोटा रिकामा चौकोन!

मी तिथेच पायरीवर बसले. शेजारच्या आजोबांनी विचारलं, “कोण गेलं का?” मी म्हटलं, “नाही आजोबा, कोणीतरी परत आलं.” ते घाबरून आत गेले.

तुझा चौकोन, ताई! मी पाचवीत भागाकार करायचे तेव्हापासून तुझी हीच रीत. जिथे पटलं नाही तिथे रिकामा चौकोन, एक शब्दही न बोलता. पटलं की त्याच चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ. तुझ्या त्या तिरक्या रेघेसाठी मी काय काय केलंय! माझ्या पदवीचा कागद कुठे आहे ते मला आठवत नाही, पण तू रेघा मारलेल्या वह्या अजून कपाटात आहेत.

पानं सगळी मिळून चाळीस आणि चौकोन एकच. म्हणजे तू सगळं वाचलंस. ओळ न् ओळ. आणि एक जागा सोडून सगळं पटलं.

मग मी ती जागा वाचली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी लिहिलं होतं: “नेमक्या रेघेवरही हेच लागू पडतं, हे उघड आहे.”

उघड आहे! हा शब्द मी तुझ्यासमोर वापरायला नको होता. भावोजी वाचत असतील म्हणून सांगते. धुराड्याचं तोंड खाली येताना रुंदावत जातं. एका ठरावीक वेगापेक्षा संथ रुंदावलं, तर ताणायची रीत एकच. भरभर रुंदावलं, तर अनेक. हा माझा शोध. आणि नेमकं त्याच वेगानं रुंदावलं तर? मी म्हटलं, तरीही एकच. पण का? दूर कुठेतरी रबर कापून हिशेब बंद करावा लागतो, आणि रेघेवर मात्र कापल्या जागी चूक उरते. कितीही दूर जाऊन कापा, ती तेवढीच राहते. तू विचारतेस की तिचं काय केलंस. काही केलेलं नाही, ताई. मी पुढे सटकले.

तिथेच खोटं निघालं तर अख्ख्या निबंधाची रेघच सरकते. मग सभागृहात आणखी एका बहिणीचा फज्जा. पण आज मी नाचणार आहे. उद्यापासून रडेन.

शेपूट

२ ऑगस्ट

ताई,

जमत नाहीये.

चार वाटांनी गेले, चारही वेळा घोडं त्याच ठिकाणी पेंड खातं. कापलं की चूक उरते. वर्गात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, तुम्ही फळ्यावर एकच चौकोन काढत का बसलाय?”

संमेलनाच्या अध्यक्षांनी विचारलं, निबंधावर नावं किती. हे तेच अध्यक्ष, सारखं घड्याळ बघतात म्हणून आपण ज्यांना घड्याळराव म्हणायचो. मी म्हटलं, दोन. “दुसऱ्यांचा होकार?” मी म्हटलं, येईल. त्यांनी पत्रिकेत माझं एकटीचं नाव छापलं. मी भांडले, काही उपयोग झाला नाही.

तुला उत्तर माहीत असेल तर सांगू नकोस. माहीत नसेल तरी सांगू नकोस.

शेपूट

१७ ऑगस्ट

ताई, ताई, ताई,

आज मी पंक्चरवाल्याकडे गेले. कागदावर काही हलेना, तेव्हा म्हटलं हातानं करून बघू. त्याला म्हटलं, “जुनी ट्यूब द्या.” तो म्हणाला, “सायकल कुठंय?” मी म्हटलं, “सायकल नाही, नुसती ट्यूब हवी.” तो म्हणाला, “बाई, ही भोकाची आहे, हवा राहणार नाही.” मी म्हटलं, “हवा नकोच आहे, गणित करायचंय.” त्यानं पैसेच घेतले नाहीत. ट्यूब हातात देऊन दोन पावलं मागे सरकला.

फळी काढली. हो, ती माझ्याकडेच आहे. ट्यूब चिरली, चांगली लांब पट्टी निघाली, टाचण्या मारून ताणून बसवली. सगळं बघून झालं, नवीन काही दिसलं नाही. वैतागून आवरायला घेतलं आणि एका टोकाच्या टाचण्या एकदम उपटल्या. रबर सपकन बोटावर बसलं. असं बसलं की डोळ्यांतून पाणी आलं.

आणि तुझा आवाज आला कानात. अगदी तुझाच, ओल्या हातानं माझं मनगट धरून बोलणारा: “टाचण्या सावकाश काढायच्या, शेपटे. एकदम सोडलंस तर बोटावर बसेल. इथली थोडी ढिली कर, मग पुढची, मग त्याच्या पुढची. लांबच्या आणखी सावकाश.”

मी बोट तोंडात धरून उभी राहिले. मग दुसऱ्या हातानं लिहायला सुरुवात केली.

एका जागी कापायचंच नाही! काही अंतर ओलांडायचं, मग त्याच्या दुप्पट, मग त्याच्याही दुप्पट, आणि प्रत्येक टप्प्यात रबर थोडं थोडं सोडत जायचं. एका झटक्यात कापलं की चूक एकाच जागी बसते. टप्प्यांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडीशी येते. आणि चुकीचा हिशेब वर्गानं होतो ना! निम्म्याचा वर्ग पाव, म्हणजे दोघांनी वाटून घेतली की सगळी मिळूनसुद्धा आधीपेक्षा निम्मीच भरते. टप्पे वाढवत जा, ती विरत जाते. रेघेवरसुद्धा रीत एकच! सिद्ध! चहूबाजूंनी सिद्ध!

ज्या फळीनं चुकवलं तिनंच तारलं. आणि वाटून घेतलेला ताण नुसता वाटला जात नाही, कमी होतो, हे मला आता गणितानं माहीत आहे. आपल्या घरात ते कोणी करून बघितलं नाही. आपण दोघी करून बघू.

नवं अकरावं पान सोबत आहे. चौकोन तुझ्या जागेवर तसाच ठेवलाय, रिकामा. मी त्यात काही करणार नाही, ते तुझं काम.

शेपूट

५ सप्टेंबर

ताई,

तुझ्याकडून काही नाही. भावोजींचा निरोप तेवढा आला: “पान वाचलं. मग माझ्या दवाखान्यातून रबराचा अख्खा डबा उचलून नेला. मी रुग्णांना काय सांगू?”

व्याख्यान येत्या शनिवारी आहे. पत्रिका छापून झाली, पण फळा माझा आहे. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात, तशी तुझी जागा मी धरणार आहे.

शेपूट

रविवार, सकाळ

ताई,

तू आंघोळीला गेली आहेस आणि तुझी आंघोळ म्हणजे काय ते मला माहीत आहे, तेव्हा हे पत्र सहज पुरं होईल. समोरासमोर असताना लिहायचं काय, असं म्हणशील. पण काल तुला दिसलं ते तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूचं तू कधी विचारणार नाहीस.

मी फळ्यावर शीर्षक लिहिलं. त्याखाली एक रिकामा चौकोन, स्वल्पविराम, आणि मग माझं नाव. घड्याळराव म्हणाले, “हा चौकोन कसला?” मी म्हटलं, “जागा धरली आहे.” लोक हसले.

धुराडं काढत होते तेव्हा मागचं दार वाजलं. भावोजी आधी दिसले, दोन्ही हातांत पिशव्या, आणि त्यांच्या मागे तू. तीच मान, तीच चाल, केस तेवढे पांढरे. माझ्या हातातला खडू मोडला. तू शेवटच्या रांगेत बसलीस, हाताची घडी घालून. मी पुढे काय बोलले ते मला आठवत नाही. चांगलं बोलले म्हणतात.

शेवटी मधल्या रांगेतल्या त्या पाहुण्या प्राध्यापकांनी नेमका तोच प्रश्न विचारला: “आणि रेघेवर? तिथे कापलं की चूक उरतेच.” मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

“एकदम कापतंय कोण?”

सगळं सभागृह मागे वळलं. तू मधल्या वाटेनं खाली येत होतीस, खांद्याला पर्स तशीच. पायरी चढलीस, माझ्या हातातला अर्धा खडू घेतलास आणि म्हणालीस, “शेपटे, सरक.”

मी सरकले. ताई, आयुष्यात इतक्या आनंदानं मी कुठून सरकले नसेन. तू पर्समधून निळं रबर काढलंस, त्यावर आखलेल्या चौकटी दाखवल्यास, त्याचं एक टोक माझ्या हातात दिलंस, आणि टप्प्याटप्प्यानं कसं सोडायचं ते सगळ्यांना दाखवलंस. मी जे पानभर लिहिलं होतं ते तू चार वाक्यांत सांगितलंस. पाहुणे म्हणाले, “आता दिसलं.” भावोजी मागून ओरडले, “ते रबर माझं आहे!” टाळ्यांमध्ये कोणाला ऐकू गेलं नाही.

मग खाली उतरता उतरता तुझी नजर वर गेली, माझ्या नावाशेजारी. तू थांबलीस. तू टाचा उंचावल्यास आणि त्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढलीस.

घड्याळराव म्हणाले, “बाई, याचा अर्थ काय समजायचा?”

“पटलं,” तू म्हणालीस. “नाव घाला. दोन्ही घाला.”

त्यांनी घड्याळाकडे एकदाही न बघता पत्रिकेवर पेनानं तुझं नाव लिहिलं. मी रडले, ते सगळ्यांनी बघितलं. तूही रडलीस, ते फक्त मी बघितलं.

आता एवढंच. सकाळी उठले तर टेबलावर निबंध उघडा पडलेला, शेवटच्या पानावर. मी तिथे या आठवड्यात नवी ओळ घातली होती की जाडी असलेल्या रबरातही, म्हणजे सपाट कागद सोडून आपण राहतो त्या जगातही, असंच काहीतरी घडत असेल, हे उघड आहे. त्याच्या समासात पेन्सिलनं काढलेला नवा कोरा रिकामा चौकोन.

भावोजींनी तुझ्या विमा कंपनीतल्या साहेबांना घरी फोन करून रजा वाढवली आहे. कारण विचारलं तर म्हणाले, घरगुती.

फळी पुसून टेबलावर ठेवली आहे. केस नंतर वाळव, आधी बाहेर ये.

शेपूट